वैजनाथनं पाय मारले

नांदेडच्या घाटावर सुकन्या पोहोचली तेव्हा भुरभुर पाऊस चालू होता. गणपती विसर्जनाच्या स्वयंसेवकांचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलेल्या पोरानं मान वर न करताच विचारलं, "प्रसाद वाटायला का निर्माल्य गोळा करायला?"

"पाण्यात उतरायला."

आता मात्र मान वर झाली. टपोरे डोळे, कपाळावर ओघळणारे ओले केस... दिसायला बरा होता, हे तिला रागातही दिसलं. त्याचाही राग आला.

"विसर्जनाचे जीवरक्षक? त्यात पोरी न्हाई घेत, ताई."

"ताई कुणाला म्हणता? कुठं लिहिलंय तसं? दाखवा!"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. बघा म्हणजे! गोदावरीच्या निसरड्या पायऱ्यांवरून बायका घसरणार, वाचवायला उतरलेले गडी बाईला धरावं कुठं म्हणून घुटमळणार, आणि पोहता येणाऱ्या पोरीनं प्रसाद वाटायचा! कंधारजवळच्या आपल्या शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून ती सातव्या वर्षीच पोहायला शिकली होती.

पोराचं नाव वैजनाथ. त्यानं मुकाट्यानं तिचं नाव लिहिलं. "लई तापट दिसता तुम्ही."

"अजून बघितलंच कुठं?"

तो हसला. ती नाही हसली... निदान त्याच्यासमोर नाही.

पुढचे तीन रविवार सराव. ती कंधारहून सकाळची पहिली बस धरायची. दोर कसा फेकायचा, बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं, हे जीवरक्षक पथकातला जुना गडी म्हणून वैजनाथच शिकवायचा. शिकवताना नजर चुकवायचा, आणि मग — चुकूनच — पुन्हा बघायचा. चहाचा पहिला कप तिच्याकडंच यायचा. सुकन्याला ते कळत होतं, आवडतही होतं.

चौथ्या रविवारी परीक्षा होती. नदीच्या मध्यातून बुडणाऱ्याला ओढत काठावर आणायचं. बुडणारा झाला होता वैजनाथ. पथकाचे प्रमुख शेषेराव सर शिट्टी घेऊन पायरीवर उभे.

तिनं त्याला हनुवटीखाली धरलं, ओढू लागली... आणि चमकलीच. ऐंशी किलोचा गडी इतका हलका? गढूळ पाण्याखाली त्याचे पाय चालले होते!

"पास!" सर ओरडले.

सुकन्या पायरीवर चढली ती लालबुंद होऊन. "पाय का मारले?"

"हळू बोला ना..." वैजनाथ कुजबुजला. "सर पोरींना घ्यायला राजी न्हाईत. म्हटलं, धोका कशाला? तुम्ही हितं पाह्यजेत... मला."

असं काही ऐकायची तिनं तीन रविवार वाट पाहिली होती. आणि ऐकायला मिळालं कधी, तर असं फसवून पास झाल्यावर!

"म्हणजे तुला बी वाटलं, मला जमणार न्हाई!" सगळा घाट ऐकत होता. "खरी बुडणारी बाई पाय मारंल का? ती गळ्याला मिठी मारंल. तिला मी आणू शकते का न्हाई, हे मला आज कसं कळलं? सांग!"

वैजनाथचं तोंड उतरलं. मग तो सरांपुढं जाऊन उभा राहिला. "सर, परीक्षा खोटी हाय. मी पाय मारले. तिला ठावं नव्हतं."

सरांनी त्याला यंदापुरती पाण्यात उतरायची बंदी केली आणि काठावर दोर धरायचं काम दिलं. आणि सुकन्यासाठी शंभर किलोचे सर स्वतःच पाण्यात उतरले. मध्यावर त्यांनी तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. ती खाली गेली, नाकात पाणी शिरलं. त्यांचा हात पिरगाळून ती सुटली, वर आली, आणि त्यांना ओढत, धापा टाकत काठाला लागली. वैजनाथ शेवटच्या पायरीवर उभा होता, मुठी आवळून. पण पुढं आला नाही.

विसर्जनाचा दिवस उजाडला. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात. दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं, ते उतरणाऱ्यानंच ठरवायचं, अशी या पथकाची रीत.

"तुझा दोर कोण धरणार?" सरांनी विचारलं.

राग अजून गेला नव्हता. तिनं दोराचं टोक वैजनाथच्या छातीवर आपटलं. "धर. आणि मी सांगितल्याबिगर ओढायचं न्हाई."

"हाव." तो घुटमळला. "आणि... जन्मभर धरतो म्हटलं तर?"

"आधी आजचा दिवस धरून दाखव."

पण त्याची बोटं दोरावर तिनं स्वतःच मिटवली, आणि आपला हात लगेच काढून घेतला नाही.