ओल्या धाग्याची गाठ

निशा ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि फावल्या वेळात 'सातपाण्यांचा मुलूख' या कादंबरीमालेच्या ग्रुपवर वाद घालायची. त्या मुलखातल्या बायका दुःखी माणसाच्या मनगटाला ओला धागा बांधत, गेलेल्याचं नाव घेऊन गाठ सोडत, की दुःख निघून जाई. कुठे जाई, हे लेखकाने चारही भागांत सांगितलं नव्हतं.

"नदीत जात असणार," दिव्याला राहणारा सर्वेश लिहायचा.

"जादू आहे रे, सोड ना," प्राचीचं म्हणणं.

"असं काही गायब होत नसतं," निशा ठासून लिहायची. "कुठेतरी जमा होतंच."

मार्चमध्ये तिचे वडील, परशुराम, गेले. निशा रडली नाही. दात काढताना भूल दिलेल्या जबड्यासारखं आतून सगळं बधिर झालेलं. तिची आई मालन मात्र थांबेना. दोन महिने ती भरल्या ताटावरून उठत होती.

एका रविवारी दुपारी निशाने शिवणाच्या डब्यातला दोरा नळाखाली भिजवला. बाळकुमच्या त्यांच्या कॉम्प्लेक्ससमोर नवीन टॉवरचं काम चाललेलं, खिडकीच्या गजांवर सिमेंटची धूळ बसलेली.

"आई, हात दे. पुस्तकातलं आहे. वेडेपणाच आहे."

"बांध बाई. कशानेही थांबू दे."

मालनने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ओल्या दोऱ्याचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळून ते निशानेच घेतलं आणि गाठ सोडली.

मालनने डोळे पुसले. थोड्या वेळाने म्हणाली, "सकाळचं वरण उरलंय का गं?"

संध्याकाळी निशा दूध आणायला उतरली, तर जिन्यात कोणी हुंदके देत होतं. तळमजल्यावर आठवड्यापूर्वीच राहायला आलेले देवरामकाका पायरीवर बसले होते.

"काका, काय झालं?"

"चष्मा घरी राहिला, म्हणत होता. रिक्षात. सारखं तेच. मी म्हटलं, बाबा, आणते नंतर."

आणते.

निशाचा हात कठड्यावर थांबला. त्या रिक्षात मागे दोघंच होती, ती आणि बाबा. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"कोण होते तुमचे?"

काकांनी बाहीने नाक पुसलं. "माहीत नाही गं. मी नाही ओळखत त्याला."

काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही.

ती दूध घेऊन वर आली. आई भाकरी थापत होती.

"कोण रडतंय गं खाली?"

"नवीन आलेले काका."

"अरेरे. कोण गेलं त्यांचं?"

निशा आठवत राहिली; मघाशी जिन्यात तिला माहीत होतं, आता सापडेना.

"कोणीतरी होते," ती म्हणाली. "चष्मा लावायचे म्हणे."