फेरीत सगळ्यात मागे

आमच्या घरात एक नियम होता. मार्चमधल्या लांब सुट्टीच्या सोमवारी सगळ्यांनी मिळून तळ्याची फेरी मारायची. सगळ्यात म्हातारं माणूस पुढे, सगळ्यात लहान मुलगी सगळ्यात मागे. फेरी पूर्ण होईपर्यंत पुढच्यांनी मागे वळून बघायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं. नॅन, म्हणजे माझी आजी, तेव्हा चहा ढवळत होती. तिने तापलेला चमचा बाहेर काढला, माझ्या मनगटावर टेकवला आणि शांतपणे म्हणाली, "अजून काही विचारायचंय?"

हे ऐकताना दिवा चालू असू दे. गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. तरी असू दे.

व्हिक्टोरियातल्या आमच्या शहरात करमणुकीला फारसं काही नाही. तळं आहे. सुट्टीला अर्धं शहर तिथे येऊन पडतं. एल्मच्या सावलीत पसरलेल्या चादरी, सार्वजनिक शेगड्यांवरून उठणारा सॉसेजचा धूर, पावाच्या तुकड्यासाठी अंगावर येणारे काळे राजहंस. कुणाला कसलीही घाई नसते. त्या दिवशीही नव्हती. ऊन होतं, पण चटका नव्हता. मी सकाळच्या गाडीने मेलबर्नहून आले, तेव्हा आमची माणसं नेहमीच्या टेबलाशी पास्टी, म्हणजे मटण-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंज्या, मांडून बसली होती. नॅन, तिचा भाऊ क्लॅरी, माझी आई, आणि माझ्या भावाची मुलगी टिली. भाऊ पश्चिमेला खाणीत पाळीवर होता, टिलीची आई हॉस्पिटलात ड्युटीवर. पोरीला फेरीत न्यायचं का, हे त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं. सहलीला नेतो म्हणाले, झालं.

"आल्या मास्तरीणबाई," क्लॅरी आजोबा म्हणाले. वय एक्क्याऐंशी, पण पाठ काठीसारखी ताठ. "तीन वर्षं पुस्तकं वाचून आता हिला आपली पास्टी चालते की नाही कुणास ठाऊक."

"पास्टी चालते. तुमचं बोलणं तेवढं पचत नाही."

"एल्वा, ऐकलंस का? नातीने जिभेला धार काढून आणलीय."

"सॉस घे आणि गप्प बस," नॅन म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. दोघांनाही असेल.

टिली नवीन सँडल सगळ्यांना दाखवत होती. निळ्या, बकलवाल्या. "आत्या, आज मी शेवटची! नॅन म्हणाली, मी आता मोठी झाले."

मी आईकडे बघितलं. आई टेबलावरचे कण एकेक करून बोटाने टिपत होती.

"टिली मागे चालणार नाही," मी म्हणाले.

नॅनने पास्टीचा तुकडा नीट कापला. "सहाची झाली."

"मग? नॅन, सहा वर्षांची आहे ती!"

"तूही सहाचीच होतीस. मेलीस का?"

तेव्हा माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. मी चालते मागे. आलं आणि तिथेच राहिलं. मी हे लपवणार नाही. मागे काय असतं, ते मला चांगलं माहीत होतं.

बारा वर्षं मी मागे चालले होते. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला बोटींच्या शेडी संपतात आणि लव्हाळ्यांचं रान सुरू होतं. तिथे सहलीचे आवाज एकदम तुटतात, कुणी दार लावून घेतल्यासारखे. पहिल्याच वर्षी तिथे माझ्या डाव्या हातात दुसरा एक हात आला. लहान, गार आणि सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं होतात तसा. ओल्या लोकरीचा वास आला. मी बाजूला बघितलं तर कुणीच नव्हतं, पण हात होता. मी किंचाळले. माझ्यापुढे आई होती. तिचे खांदे वर उचलले गेले, म्हणजे तिने ऐकलं. मान मात्र वळली नाही. पुढच्या सगळ्या पाठी तशाच चालत राहिल्या.

पुढच्या वर्षी मी ओरडले नाही. आमच्या घरात त्याला शहाणं होणं म्हणतात.

अठराव्या वर्षी तो हात ओढायला लागला. मी गुडघाभर पाण्यात गेले होते, कशी सुटले मलाच माहीत. नंतर शिकायला निघून गेले आणि या सुट्टीला घरी यायचं टाळलं. ती तीन वर्षं आई मागे चालली. गेल्या वर्षी ती कमरेपर्यंत भिजून घरी आली. "पाय घसरला गं," फोनवर म्हणाली. मी मानलं. मानणं सोयीचं होतं.

तर एक वाजता आम्ही उठलो. क्लॅरी आजोबा पुढे, मग नॅन, मग आई, मग मी, मग टिली. होय, मीही रांगेत उभी राहिले. मनाशी म्हटलं, मी तिच्या अगदी पुढे आहे. हाताच्या अंतरावर. काही झालं तर वळेन.

वाट पिवळ्या मुरमाची. धावणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे आम्हाला ओलांडून जात होते. टिलीची बडबड चालू होती. हे बदक, ते बदक, शाळेतल्या कुणाच्या वाढदिवसाला घसरगुंडी फुगवली होती. बोटींच्या शेडी गेल्या. लव्हाळी आली. आवाज तुटले.

टिलीही गप्प झाली.

मग म्हणाली, "टिली."

थोडं थांबून, "सहा."

पुन्हा थांबून, "नाही, माझ्या सँडल आहेत. तुझ्या कुठे गेल्या?"

आईची पाठ पुढे होती आणि ती पाठ आता भरभर चालत होती. तिने ऐकलं होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं, कारण रांगेचा वेग वाढला होता. क्लॅरी आजोबा, एक्क्याऐंशी वर्षांचे, जवळजवळ पळत होते.

"टिली…" मी समोर बघत म्हणाले. "कुणाशी बोलतेस…?"

"आत्या, ही म्हणते, पाणी कोमट आहे…"

तेवढ्यात मागून घंटी वाजली. कुणी सायकलवाला. आनंदी, मोकळा आवाज: "पोरींनो, जरा बाजूला व्हा!"

पोरींनो. माझ्यामागे तर एकच पोर होती. तो वळसा घालून आमच्याजवळून गेला, हसून हात हलवला. चांगला ऐसपैस वळसा घातला त्याने, दोन मुलींना टाळायला लागतो तेवढा.

मी वळले.

टिली तेवढ्यातच वाटेवरून उतरली होती. पाच पावलं खाली, लव्हाळ्यांच्या काठाशी उभी होती. निळ्या सँडल चिखलात रुतल्या होत्या. डावा हात खांद्यातून सरळ पुढे ताणलेला, पाण्याच्या दिशेने, आणि मनगटाभोवतीची कातडी चार ठिकाणी पांढरी पडून आत दबली होती. समोर नुसतं पाणी. ऊन पडलेलं, स्वच्छ, घोटाभर खोल पाणी.

मी धावले आणि तिला कंबरेतून धरून उचललं. उचललं आणि जवळजवळ पडलेच. टिली चिमणीएवढी पोर आहे. त्या वेळी तिचं वजन दोन मुलींचं होतं.

मी तशीच वर आले. ओल्या लोकरीचा वास माझ्या तोंडात शिरत होता. माझ्या पाठीवर टिलीचे दोन हात होते, आणि आणखी काहीतरी, मानेपाशी, गार.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा म्हणते ना!"

ते थांबले. आमच्या घरात पहिल्यांदाच फेरी मध्येच थांबली. पण मागे अजूनही कुणी बघत नव्हतं. शेवटी मीच त्यांना ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

नॅनचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "तिला खाली ठेव," ती म्हणाली. "मागे नेऊन ठेव. अर्धी फेरी राहिलीय."

"ती कोण आहे, नॅन?"

"केरी, खाली ठेव पोरीला."

"कोण आहे?"

उत्तर आईने दिलं. रडत नव्हती, नुसती थकलेली होती. "डॉटी. यांची धाकटी बहीण. पाच वर्षांची होती. फेरीत मागे पडायची, कुरकुर करायची. एकदा या तिघांनी ठरवलं, हिला अद्दल घडवू. मागे वळून बघायचंच नाही. तळं संपेपर्यंत. घरी पोचले तेव्हा ती नव्हती."

"तिघं?"

"व्हर्ना मावशी पण, यांची आणखी एक बहीण. एका वर्षी हे लोक फेरीला आले नाहीत. पाऊस होता म्हणे. दुसऱ्या सकाळी व्हर्ना मावशी घरातल्या टबमध्ये सापडली. टब कोरडा होता, केरी. तिच्या तोंडात शेवाळ होतं."

"म्हणजे ती यांना शोधतेय."

नॅनने नजर मुरमाकडे वळवली.

"ती यांना शोधतेय, आणि यांनी मध्ये पोरी उभ्या केल्या. आधी तू. मग मी. आता ही. म्हणजे तिचा हात कुणाच्या तरी हातात अडकून राहील आणि यांच्यापर्यंत पोचणार नाही. अस्सं!"

"लहान मुलांना ती काही करत नाही," नॅन म्हणाली. तिचा आवाज आता गोड झाला होता, आणि तो मला चमच्याहून जास्त लागला. "खेळते फक्त. हात धरते. तुला काय झालं? शिकलीस, सवरलीस. पाच-सात वर्षांचा प्रश्न आहे गं, तोवर आम्ही जाऊच. आणि टिलीची एवढी माया असेल तर तू राहा मागे."

"एल्वा बरोबर बोलतेय," क्लॅरी आजोबा म्हणाले. "घर म्हटलं की प्रत्येकाला थोडं सोसावं लागतं."

"तुम्ही काय सोसलंत?"

एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. कुत्रा आमच्यापाशी आला, टिलीकडे बघितलं आणि पोट जमिनीला घासत मागे सरकला. बाईने "सॉरी हं, आज काय झालंय याला" म्हणत त्याला ओढत नेलं. दुपार तशीच निवांत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी केक कापत होतं, टाळ्या पाण्यावरून इकडे येत होत्या.

मी टिलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दोन मुलींचं वजन फार वेळ पेलवत नाही.

"नाही," मी म्हणाले. "टिली नाही. मी नाही. आई नाही. आता पुढे आम्ही चालणार, आणि मागे तुम्ही दोघं."

"केरी!" नॅन दोन पावलं पुढे आली, मग टिलीच्या अंगाचं पाणी गळताना बघून थांबली. ते पाणी फार होतं. टिली पाण्यात गेलीच नव्हती. "आम्ही लेकरं होतो गं… दहा वर्षांची होते मी. त्या दिवशी वारा होता. तिचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. देवाशपथ सांगते, ऐकूच आला नाही…"

टिलीने माझ्या खांद्यावरून डोकं उचललं. तिने नॅनकडे बघितलं, मग क्लॅरी आजोबांकडे. एखादा निरोप नीट पाठ करून सांगावा तशी ती म्हणाली:

"आत्या, ती विचारतेय, ऐकू येत नव्हतं तर मग ही दोघं मोठ्याने शिट्टी कशाला वाजवत होते?"

शिट्टीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

क्लॅरी आजोबांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. नॅनने काहीतरी म्हणायला ओठ हलवले. मी थांबले. खरंच थांबले, एक शब्द जरी आला असता तरी कदाचित… पण आला नाही. एवढी वर्षं आम्हाला गप्प बसवणारी ती दोन माणसं, मुरमाच्या वाटेवर, उन्हात, गप्प उभी होती.

टिली माझ्या हातात एकदम हलकी झाली.

मी आईचा हात धरला आणि चालू लागले. मागे दोन माणसांच्या बुटांचा आवाज काही वेळ येत होता, मग लव्हाळी हलल्याचा आला. मी वळून बघितलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर टिली माझ्या कानाशी शिट्टी वाजवायला लागली. कुठलीतरी जुनी, मला न येणारी चाल, मोठ्याने, एकही सूर न चुकता. टिलीचे पुढचे चारही दात गेल्याच आठवड्यात पडले आहेत. आणि तिला शिट्टी वाजवता येत नाही.