चिराईताचं बी

शिराळ्याच्या पश्चिमेचा डोंगर तिघं चढत होते ते काडेचिराईताच्या बियांसाठी. ताप-पित्तावर अंग निववणारी ही कडूजहर वनस्पती गावच्या सड्यावर पूर्वी मुबलक होती. उन्हाळ्यातल्या वणव्यात ती पार नाहीशी झाली. उभ्या गावाला काढे पाजणारी रंगूबाई तेव्हापासून गप्पगप्पच असे. गुडघ्यांमुळे तिला डोंगर चढवेना. "आत्या, बी मी आणती," असा शब्द तिची सून क्रांती देऊन बसली होती.

पुढे सासरे मानसिंग, फौजेतून निवृत्त, खांद्यावर दोर. मागे धाकटा दीर वीरधवल, अर्धा जीव फोनमध्ये.

माथ्यावर पहिलं रोप दिसलं, पण गुरांनी शेंडे खाल्लेलं, बी नसलेलं. खात्रीसाठी मानसिंगांनी पान चावलं, लेकालाही चावायला लावलं. क्रांतीचा मार्गशीर्षातला गुरुवार होता, तिने तोंडाला लावलं नाही.

झालं! पुढे बापलेकांनी जे चावावं ते कडूच! मानसिंगांनी चिराईत समजून बघता बघता पोतं भरत आणलं.

"मामा, ह्ये तर आपल्या बांधावरचं तण हाय."

"आगं, मला माजी मिशीबी कडू लागतीया," ते म्हणाले, आणि वीरधवल हसून हसून खालीच बसला.

तेवढ्यात कड्याखालच्या कपारीत क्रांतीला वाळल्या बोंडांची रोपं दिसली. वारा वाढत होता. बोंडं उकलली की बारीक बी उडून जाणार.

तिने कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक बापलेकांनी धरलं. उतरली. पाय टेकला आणि दगड निसटला! क्रांती अधांतरी!

"वीरू, सोडू नगंस!" वरून मानसिंग ओरडले.

दोर करकचला. ती झोका घेऊन कपारीला चिकटली. बोंडं हाताशी होती, पण हेच का ते चिराईत? वरच्या दोन्ही जिभा तर निकामी झालेल्या. तिने महालक्ष्मीची मनात माफी मागितली आणि काडी चावली.

कडू! अस्सल कडू! पेढा खाऊनही तिला कधी एवढा आनंद झाला नव्हता. निम्मी बोंडं तिथंच राखून बाकीची तिने ओढणीत गाठ मारून घेतली.

घरी रंगूबाईने बी तळहातावर घेतलं, आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला.

"आत्या, उपास मोडला माजा."

"औषिदानं उपास मोडत न्हाई, बाय. चल, वाफा करू."

गुडघे विसरून ती आधी उठलीसुद्धा.