कॅप्टन आधी उडाला, मग चहा प्यायला

“थांबा! कॅप्टन आत्ताच स्फोटात उडाला ना?” तोफ ओरडला. “मग शेवटच्या चौकटीत तो चहा कसा पितोय?”

छापखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याला ‘तोफ’ हे नाव काही उगीच पडलं नव्हतं!

चष्मिस, तोफ आणि चिमटी ही तीन भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी भाषांतरं करायची. आजोबांच्या लहानपणी परदेशात टीव्हीवर एक अंतराळ-मालिका गाजली होती. तिच्यावरून जपानमध्ये मांगा, म्हणजे तिकडची चित्रकथा निघाली होती. तिचे तीनही भाग मावशी आपल्या भाषेत आणत होती. पहिल्या भागाची छपाई आज सुरू झाली होती. मावशीचा पाय मुरगळलेला, म्हणून मुखपृष्ठाचा मजकूर घेऊन मुलंच आली होती आणि टेबलावरची नमुन्याची पानं वाचत बसली होती.

तेवढ्यात प्रकाशकबाईंच्या केबिनमधून छापखान्याच्या व्यवस्थापककाकांचा आवाज आला. “मॅडम, भाषांतरच उलटसुलट आहे हो! पुढचे दोन भाग दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“बघते,” प्रकाशकबाई म्हणाल्या.

तोफ लालबुंद झाला. “मावशी चुकणं शक्यच नाही!”

“हळू बोल रे!” चष्मिसने पानांशेजारी ठेवलेलं मूळ जपानी पुस्तक उचललं. ते उघडायला गेली, तर मुखपृष्ठ मागच्या बाजूला! “अरे, हे उजवीकडून सुरू होतं! चौकटीसुद्धा उजवीकडून वाचायच्या! आणि यांनी बांधणी ठेवलीय डावीकडे.”

“ताई, हे बघ!” चिमटीने शेजारच्या, व्यवस्थापककाकांच्या टेबलावरचा कप उचलला. कपाखाली चहाचे गोल गोल डाग पडलेली चिठ्ठी होती. अक्षर मावशीचं! ‘बांधणी उजवीकडे ठेवावी. डावीकडून उघडताच दिसणाऱ्या पानावर वाचकांसाठी सूचना हवी.’

“आता दाखवतो त्यांना!” तोफ उसळला.

“भांडलास तर बाहेर काढतील,” चष्मिस म्हणाली. “त्यांनाच बोलू दे.”

दोघांना घेऊन ती सरळ केबिनमध्ये गेली. चेहरा अगदी गरीब गाईसारखा! “काका, हे पान आम्हाला कळतच नाहीये. वाचून दाखवता?”

काका खूश! त्यांनी घसा खाकरला आणि डावीकडून सुरुवात केली. “धडाम! ... पळा, बॉम्ब! ... हा टिकटिक आवाज कसला? ... वा, आज चहा फक्कड झालाय!”

प्रकाशकबाईंना हसू आवरेना. “बघितलंत?” काका म्हणाले. “काही अर्थ आहे का याला?”

“आता उजवीकडून वाचा ना, काका,” चिमटी गोड आवाजात म्हणाली.

काकांनी वाचलं. चहा, टिकटिक, बॉम्ब, धडाम! त्यांचा आवाज शेवटी इतका बारीक झाला, की धडाम कुणाला ऐकूच आलं नाही. चष्मिसने चिठ्ठी पुढे केली.

प्रकाशकबाईंनी ती वाचली आणि ताडकन उठून केबिनच्या काचेवर हात आपटला. “मशीन थांबवा!”

मग त्यांनी तिथूनच मावशीला फोन लावला. “पुढचे दोन्ही भाग तुमचेच! आणि तुमची ही भाचरं आम्हाला रोज पाठवा हो. माझ्या अख्ख्या ऑफिसात एवढं नीट कुणी वाचत नाही!”

वाचकांसाठीची सूचना लिहायचा मान तोफला मिळाला. चष्मिसने सुचवलेली सभ्य वाक्यं त्याने साफ नाकारली. आता ते पुस्तक कुणी चुकीच्या बाजूने उघडलं, की पानभर मोठ्या अक्षरांत दिसतं:

‘अहो, तिकडून! तिकडून!’