तिसरी लाल पट्टी

पट्टी लालच झाली.

जोखूनं ती खिडकीतल्या उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा धरली. जोखू म्हणजे संशोधन केंद्राचा यंत्रमानव. गुडघ्याएवढा, पोटात दोन खण असलेला. दर सोमवारी सकाळी तो चाकांवर डुलत सोलापुरातल्या या गल्लीत यायचा आणि गौतमीच्या लघवीचा थेंब पट्टीवर टिपायचा. पांढरी राहिली तर चोख. लाल झाली तर पोटात गहू गेलाय.

"ग्लुटेनचे तुकडे आढळले," जोखू म्हणाला. "तिसऱ्यांदा."

गौतमी उंबऱ्यावर बसली होती. वय अकरा, उंची आठ वर्षांच्या पोरीएवढी. आई पुण्यात नोकरीला, आणि गौतमी तीन महिन्यांसाठी आईच्या वडलांकडे, आज्जाकडे आलेली. आज्जा म्हणजे डॉ. शिवशरण कोरे. गौतमीला जो आजार होता, त्याच सीलिअॅकवर (गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतडं जखमी करणारा आजार) त्यानं तीस वर्षं संशोधन केलं होतं. नातीची भाकरी तोच थापायचा. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता.

"काय खाल्लंस?" आज्जानं विचारलं.

"भाकरी. तू दिलेली."

"मागच्या सोमवारीही भाकरीच होती."

"मग होतीच भाकरी."

"शेजारी पाव खाल्लास? बिस्किट?"

"नाही."

"गौतमी, प्रथिन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

गौतमीनं मान खाली घातली. आज्जाला ते कबुलीसारखं दिसलं. त्यानं तिचं दप्तर उचललं आणि जोखूच्या देखत फरशीवर ओतलं. वह्या, कंपास, एक चिंचेचं बुटूक. पावाचा चुरासुद्धा नाही.

"नियम सांगतो," जोखू म्हणाला. "बारा आठवडे चोख राहणाऱ्या मुलांनाच नवी लस मिळेल. तीन लाल पट्ट्या झाल्या की नाव कमी होतं. पुढच्या सोमवारी तसं कळवलं जाईल. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"चोरून खाल्लं," आज्जा म्हणाला.

जोखूनं लिहून घेतलं. यंत्राला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

*

त्या दिवशी आज्जानं दोरीवरून दोन टॉवेल काढले. एक नवा, फुगीर. दुसरा इतका जुना की अंगावरच्या बारीक धाग्यांचे वेढे झिजून नुसतं फडकं उरलेलं. दोन्हींवर त्यानं एकेक तांब्या पाणी ओतलं. नव्यानं सगळं पिऊन टाकलं. जुन्यावरून पाणी घरंगळलं आणि मोरीकडे पळालं.

"आतड्याच्या आतून असेच वेढे असतात. त्यांना रसांकुर म्हणायचं (अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे). तुझे झिजलेत. म्हणून खातेस ते अंगी लागत नाही, म्हणून उंची खुंटली. हे का होतं ते तुला ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना आजार कळला, तेव्हा आज्जानंच तिच्यासाठी ओवी जोडली होती. तिला झोपवताना तो ती म्हणायचा.

शिंपी गं पोटातला, टाका घालितो जखमेला,
चुकुनी बटण लावी, वाटसरू तुकड्याला.

बटण पाहून गं, राखणदार धावला,
चोर नव्हता कुणीही, घराचा नाश झाला.

"सांग मग," आज्जा म्हणाला. आवाजात ओवीतलं काहीच नव्हतं.

गौतमी सांगू लागली. गव्हात ग्लुटेन असतं. त्याच्यामुळेच कणीक ताणली तरी तुटत नाही. पोटातले पाचकरस बाकीच्या प्रथिनांचे मणी सुटे करतात, पण ग्लुटेनची माळ पुरती तुटत नाही. लांब लांब तुकडे उरतात. सगळ्यांच्याच पोटात उरतात आणि बहुतेकांच्या पोटातून मुकाट निघून जातात. पण आतड्यात एक विकर असतं (शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन). जखमा सांधणं हे त्याचं काम. तोच शिंपी. समोरून जाणाऱ्या तुकड्याला तो चुकून एक बटण लावून देतो, म्हणजे त्या तुकड्याची घडण थोडी बदलतो.

"पुढं?"

"काही माणसांच्या पेशींवर त्या बटणाचंच काज असतं. आईबापाकडून आलेलं. माझ्यात आहे. तुकडा काजात अडकतो. राखणदार पेशी (शरीरात शिरलेले जंतू ओळखून मारणाऱ्या पेशी) तो बघतात आणि त्यांना वाटतं, शत्रू आला. त्या मारा करतात. तुकड्याला काही होत नाही. रसांकुर झिजतात."

"आणि किती गहू पुरतो?"

"चिमूटभर पीठ. रोज गेलं तर पुरे."

"सगळं येतंय," आज्जा म्हणाला. "कळतं, तरी जीभ आवरत नाही."

गौतमीच्या पोटात कळ आली. ती दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसली. आज्जाचा राग क्षणात ओसरला. त्यानं फडताळातली स्टीलची डबी काढली, ताकात अर्धा चमचा हिंग कालवला आणि पेला तिच्या ओठांना लावला. रोज सकाळ-संध्याकाळ तो हे देत होता. पोटदुखीवर त्याच्या आईनं त्याला हेच दिलं होतं.

"पी बाई. वायू सरेल."

तिनं घोट घोट करून संपवलं.

*

गौतमीला एकच गोष्ट हवी होती. लस. त्या लशीत सूक्ष्मगोळे होते (डोळ्यांना न दिसणारे, शरीरात विरघळणारे कण) आणि त्यांच्या पोटात ग्लुटेनचे तुकडे दडवलेले होते. ते यकृताकडे जात. तिथं आरडाओरडा नसतो. तिथल्या शांत पेशी राखणदारांना समजावत की हा पाहुणा आहे, याला मारू नका. वीस मुलं निवडली होती. वर्षभरानं त्यांतल्या कुणीतरी लग्नाच्या पंगतीत घरचा डबा न उघडता बसणार होतं.

जोखू घरी बघण्यासाठी पट्ट्यांचं एक पाकीट ठेवून जायचा. सोमवारी तो निघताना गौतमीनं त्याला गाठून विचारलं होतं, "तुकडा लघवीत किती वेळ राहतो?"

"खाल्ल्यावर काही तासांत येतो. साधारण दीड दिवसात जातो."

बुधवारी ती आज्जाला म्हणाली, "मी माझं मी शिजवीन."

"रुसून काय होणार?"

"रुसले नाही. आणि ताक नको."

ती उकडलेले बटाटे आणि मीठ खाऊ लागली. शुक्रवारी सकाळी पट्टी पांढरी. शुक्रवारी भाकरी जोडली. आज्जाच्याच पिठाची, पण स्वतः थापलेली, कडा फाटलेली. शनिवारी सकाळी पांढरी. म्हणजे भाकरी निर्दोष. ज्वारी, गिरणी, तवा, सगळेच निर्दोष. मग उरलं काय? भाजी, आमटी, ताक. शनिवारी पोट दुखत नव्हतं, तरी संध्याकाळी ती आज्जापुढं उभी राहिली.

"हिंगाचं ताक दे."

"दुखतंय?"

"दे तू."

रविवारी सकाळी पट्टी लाल झाली. तिनं ती हातात धरली आणि तिला आनंद झाला नाही. नुसतं रडू आलं. पोट दुखायचं म्हणून हिंग, आणि हिंग घेतला की पोट दुखायचं. तीन आठवडे हेच गोल गोल चाललं होतं.

ती डबी घेऊन मसाल्याच्या दुकानात गेली. आज्जा नेहमी तिथूनच हिंग आणायचा. घरी आल्यावर तो डबीत ओतायचा आणि पाकीट केरात टाकायचा. सोलापुरात सगळ्यांच्या घरी असंच करतात. डबी भरली की पाकीट कोण वाचतं?

"ह्यात काय असतं, काका?"

"हिंग."

"आणखी?"

दुकानदार हसला. "नुसता हिंग खाशील तर जीभ सोलेल, पोरी. डिंक आणि पीठ घालून बांधतात त्याला. बांधणीचा हिंग म्हणतात तो."

"कसलं पीठ?"

"गव्हाचं. पाकिटावर लिहिलंय की." त्यानं नवं पाकीट पालथं करून दाखवलं. मुंगीएवढी अक्षरं होती, पण होती. "तुझा आज्जा एवढा शिकलेला, त्याला ठाऊक नाही होय?"

*

तिनं आणलेलं पाकीट आज्जानं तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, चौथ्यांदा वाचलं. मग तिच्या तिन्ही पट्ट्या तारखेनुसार ओळीनं मांडल्या. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रयोग नेटका होता.

त्यानं केंद्रात फोन लावला. तिथल्या प्रमुख डॉ. शमीम बागवान त्याच्याच विद्यार्थिनी. त्यानं सगळं सांगितलं, गौतमीसमोर, फोनचा आवाज मोठा ठेवून.

"सर, चूक कुणाची हे आतड्याला कळत नाही," त्या म्हणाल्या. "ते जखमी आहे. जखमी आतड्यात लस दिली तर राखणदार आणखी भडकतील. बारा आठवड्यांची अट तुम्हीच घातली होती."

"हो."

"आणि ती बरोबर आहे."

"हो."

"तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. पुढची तुकडी दोन वर्षांनी. तोवर हिंगाशिवाय रसांकुर पुन्हा उगवतील, तिची उंचीही वाढेल. तिला सांगा."

"ती ऐकतेय."

"आणखी एक, सर. सगळ्या घरांना आपण पथ्यात काय टाळायचं त्याची यादी दिली, तीही तुमचीच. तिच्यात हिंग नाही. आणखी दोघांच्या पट्ट्या एकेकदा लाल झाल्यात. एक मुलगा मोहोळचा, एक मुलगी बार्शीची. दोघांच्या कारणात आम्ही तेच लिहिलंय."

चोरून खाल्लं.

यादी त्याच दुपारी बदलली. हिंग, शिवाय ज्या ज्या मसाल्यात पीठ मिसळलेलं असू शकतं ते सगळे. वीस घरांना ती गेली, आणि पुढं ज्या ज्या घरी जाईल तिथं तशीच जाणार होती. मोहोळच्या आणि बार्शीच्या पोरांची जागा वाचली. गौतमीची गेली.

संध्याकाळी आज्जा तिला समजावू लागला. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, तोवर लस आणखी सुधारेल, तिच्या प्रयोगामुळे केवढं काम झालं. तो पुष्कळ बोलला. सगळं खरं होतं. गौतमी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

"त्या दोघांना कुणी सांगितलं का?" तिनं मध्येच विचारलं.

"यादी गेलीय त्यांच्या घरी."

"यादी नाही. त्यांची दप्तरं पण कुणीतरी ओतली असतील."

आज्जानं केंद्राकडून नंबर मागवला आणि मोहोळला फोन लावला. मुलाच्या आईनं घेतला, तिला सांगून त्यानं मुलाला फोनवर बोलावलं. पलीकडे एक बारीक आवाज आला, घाबरलेला.

"बाळ, मी डॉक्टर कोरे," आज्जा म्हणाला. "तुझी पट्टी लाल झाली होती ना? तू काही चोरून खाल्लं नव्हतंस. चूक माझ्या यादीत होती. तू खरं बोलत होतास."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फोन आईच्या हातात गेला.

गौतमीनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "आता बार्शी," ती म्हणाली. "एक राहिलीय."

"एक नाही, दोघी. आधी तू," आज्जा म्हणाला, आणि फोन बाजूला ठेवून तिच्याजवळ फरशीवर बसला.