बिनघंटीची सायकल

मुलांनो, एक रस्ता डोळ्यांसमोर आणा.

दोन्ही बाजूंना धानाची शेतं. दसऱ्याची पहाट. तुम्ही सायकलवर आहात, मागे तंबू बांधलेला. बरोबर कोणी नाही.

आणि तुमच्या पुढे कोणीतरी चाललंय... जे दिसत नाही.

आणलात? आता ऐका. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशात नसलेलं गाव कधी मुलांना सांगितलं नाही. हेही जसं घडलं तसंच सांगतो. गेल्या वर्षीचा दसरा, ग्वाल्हेर, मुरारमधलं आमचं घर.

आमच्याकडे खंडेनवमीला तलवारीशेजारी एक जुनी काळी सायकल पूजेला बसते. माझा धाकटा भाऊ बळवंत, त्याची. दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघनाला ती सायकल मी हातानं ढकलत उंबऱ्याबाहेर दहा पावलं नेतो. तिच्याआधी घरातलं कुठलंही वाहन हलत नाही. आईनं लावून दिलेली रीत.

चाळीस वर्षांपूर्वी अशाच दसऱ्याला बळवंत एकटा हरसीच्या धरणाकडे निघाला होता. जेमतेम शंभर किलोमीटर. धरण सहा किलोमीटर उरलं असताना एका वळणावर ट्रकनं त्याला उडवलं. बावीस वर्षांचा होता.

माझ्या भिंतीवर नकाशा आहे. त्याच्या प्रत्येक सफरीची लाल रेघ त्यावर मी मारली. शेवटची रेघ धरणाच्या अलीकडेच संपते.

माझी नात सोनिका, सोळा वर्षांची. तिला त्या रेघांचा फार हेवा वाटायचा.

"आजोबा, माझी एकपण रेघ नाही. मी तीनदा सायकलनं तिघरा धरण करून आले, कोणी बोललं काही? आणि यांच्या अधुऱ्या रेघेचं केवढं कौतुक."

"तो गेला ना, बाळ."

"म्हणून जास्त मार्क?"

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

तिला हरसी पुरं करायचं होतं. बळवंतला जमलं नाही ते आपण करायचं आणि नकाशावर आपली रेघ त्याच्या पुढे न्यायची. वाटेत, धरणाच्या थोडं अलीकडे, माझा जुना विद्यार्थी जयसिंहराव शेती करतो. दिवस मावळायच्या आत त्याच्या अंगणात तंबू ठोकायचा, धरण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, असं ठरलं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की निघायचं.

ती थांबली नाही.

पहाटे पाचलाच गेली. मी उठलो तेव्हा जुन्या सायकलच्या हँडलवर झेंडूची माळ होती, पण पितळी घंटी नव्हती. सोनिकाच्या नव्या गिअरच्या सायकलला घंटी नव्हती. तिनं ही काढून नेली होती.

सात वाजता मी जुनी सायकल बाहेर काढली. टायरमध्ये हवा नाही, दरवर्षी ढकलताना घाम फुटतो.

त्या दिवशी ती आपसूक चालली... पिसासारखी हलकी.

जणू त्यातलं काहीतरी आधीच निघून गेलं होतं.

तिकडे, वाटेवरच्या चिनोर गावातल्या टपरीवर, सोनिकानं चहा मागितला. म्हातारा चहावाला म्हणाला, "बिटिया, तुम्हारे साथ वाले तो अभी आगे निकल गए."

"मी अकेली आहे, बाबा. मेरे साथ कोई नहीं."

"अरे, काली साइकिल पे. कह रहे थे, लड़की से पहले पहुँचना है. चाय भी छोड़ गए."

बाकावर भरलेला ग्लास होता. वाफ येत होती.

रस्ता सरळ होता. दूरवर कोणी नव्हतं.

भितरवारला पंक्चरवाल्यानं तेच सांगितलं. एक माणूस आत्ताच पुढे गेला. वर हसत म्हणाला, "घंटी नहीं थी बेचारे की साइकिल में. मुँह से ही टन-टन करता जा रहा था."

त्यानंतर सोनिकानं वाटेत कुठे थांबायचं सोडलं. पायडल मारत राहिली. चाकांचा आवाज, वारा...

आणि प्रत्येक वळणाच्या पलीकडून, माणसाच्या तोंडचं... टन... टन...

तिनं आपली घंटी दाबली. खटका हलला. आवाज आलाच नाही.

सूर्य टेकताना ती जयसिंहरावकडे पोहोचली. सुधाताईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरात झोप म्हणून खूप आग्रह केला. ही तंबूवर अडून बसली. मग तंबूतून मला फोन आला.

"आजोबा, एक विचारते. सच सच सांगा."

"विचार."

"बळवंतआजोबांच्या सायकलला त्या दिवशी घंटी नव्हती का?"

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

कारण हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही.

मी थोरला. पण गावात ओळख त्याची. मी फक्त बळवंतचा भाऊ. त्या दसऱ्याच्या आदल्या रात्री मी त्याची घंटी काढून माझ्या ट्रंकेत लपवली. सकाळी शोधेल, चिडेल, त्याचा तासभर मोडेल, एवढंच मनात होतं. तो न शोधताच निघून गेला. घंटीनं ट्रक थांबत नाही, हे मला कळतं. तरी त्याची सायकल घरी आली, तेव्हा मी ती गुपचूप परत लावून टाकली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे मी कोणाला सांगितलं. सोळा वर्षांच्या पोरीला.

 मग ती हळूच म्हणाली, "मीपण तेच केलं ना, आजोबा."

फोनमधून मला तंबूबाहेरचा आवाज ऐकू आला.

फुस्स...

कोणीतरी टायरची हवा सोडत होतं.

उजाडल्यावर पाहिलं तर दोन्ही चाकं बसलेली. व्हॉल्व्हच्या टोप्या तंबूच्या दाराशी शेजारी शेजारी ठेवलेल्या. सोनिकानं पंपानं हवा भरली. मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, फोन चालू ठेवा.

वाटभर मी ऐकत राहिलो. तिच्या चाकाची टिकटिक. आणि थोडी पुढे... दुसऱ्या चाकाची.

धरणाची भिंत दिसल्यावर पुढची टिकटिक थांबली.

सोनिका उतरली. पान्यानं घंटी सोडवली आणि रस्त्याच्या मधोमध ठेवली. मग सायकल घेऊन मागे येऊ लागली. मला तिची मोजणी ऐकू येत होती. आठ, नऊ, दहा.

"पहिले तुम्ही," ती म्हणाली. आणि पाठ फिरवली.

टन...

हा तोंडचा आवाज नव्हता. चाळीस वर्षं ओळखीचं पितळ होतं ते. मग पुन्हा एकदा, लांबून, धरणाच्या अंगानं.

"आजोबा," ती म्हणाली, "रस्त्यावर घंटी नाहीये."

तिच्याजवळ तो शांत झाला असेल. माझं सांगता येत नाही. अजूनही कधी पहाटे, उजाडायच्या आधी, माझ्या खिडकीखालून कोणीतरी जातं. घंटी मिळूनही तोंडानंच वाजवत... टन... टन...

मी उठून पाहत नाही.

सोनिका त्या दिवशी धरणापर्यंत गेलीच नाही. तिथूनच वळली. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि नकाशापुढे उभी राहिली. मी तिच्यासाठी निळी पेन्सिल टोकदार करून ठेवली होती.

तिनं ती बाजूला सारली. आधी लाल उचलली.

आणि बळवंतची रेघ धरणापर्यंत नेली.