पाझरणारा रांजण

"गाडी फटाके का फोडते रे, सांग बरं?" काकासाहेबांनी विचारलं.

लाइट गेली होती म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसले होते. हिमांशू नुकताच खालून गाडी लावून आला होता. गल्लीतली कुत्री अजून भुंकत होती.

"मी मुद्दाम बसवून घेतलाय तसला सायलेन्सर, काका. पोरं वळून बघतात."

"पोरी नाही ना बघत?" सई म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण.

काकासाहेब हसले नाहीत. "सावंगीच्या वैजनाथ मिस्त्रीसमोर असा फटका वाजला ना, की तो हातातला पाना खाली ठेवून घरात जायचा. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. एकदाच बोलला माझ्यापाशी, तेही मान खाली घालून. ऐका."

दोन हजार तेराचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि शहर हर्सूल ओलांडून जळगाव रस्त्यानं सावंगीकडं सरकत होतं. वावरात प्लॉटचे दगड रोवलेले, मधेच चार-पाच मजली इमारती. टँकर आधी तिकडं वळायचे. उरलं तर खालच्या घरांना.

वैजनाथचं गॅरेज रस्त्याला लागून होतं आणि मागं दोन खोल्यांचं घर. गॅरेजच्या दारातच पाण्याचा रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाणी प्यावं म्हणून त्याच्या बापानं तिथं बुडापुरता पुरलेला. वैजनाथचा कान मोठा तयार. गाडी फटके मारते म्हणून कुणी आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मूठ पिळल्यावर मारती, का सोडल्यावर?" पिळल्यावर मारत असेल तर टायमिंग बघायचं. सोडल्यावर मारत असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी हवा शिरते, तिथलं पॅकिंग बघायचं. हे विचारल्याशिवाय तो गाडीला हात लावत नसे.

त्या दुपारी मात्र त्यानं विचारलं नाही.

ऊन नुसतं भाजत होतं. पुंजाराम नावाचा माणूस जुनी काळी मोटारसायकल ढकलत आला. नव्या इमारतीवर वॉचमन होता, गावाकडं आळंदला निघालेला. ओठांना भेगा पडलेल्या.

"मिस्त्री, लई फटके मारती हो. बंदच पडती."

वैजनाथ दुसऱ्या गाडीच्या चाकाशी बसला होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "तहानलेली हाय तुमची गाडी. पेट्रोल कमी जातंय, हवा जास्ती. माझ्या हातात काम हाय. वाटंत फुलंब्रीला कार्बोरेटरचं जेट साफ करून घ्या."

पुंजाराम हसला. "गाडी बी तहानली, मी बी तहानलो. गिलासभर पाणी तरी द्या राव."

टँकर येऊन आठवडा झाला होता. वैजनाथची बायको रत्नमाला पहाटे इमारतीच्या बोअरवर जायची, तिथल्या बायकांची बोलणी खायची आणि दोन हंडे आणायची. तेच पाणी रांजणात होतं. घरात दोन लेकरं.

"रांजण कोरडा हाय," वैजनाथ म्हणाला.

म्हणाला आणि त्याचं स्वतःचंच लक्ष रांजणाकडं गेलं. रांजण पाझरत होता. काळपट ओलं पोट, बुडाशी भिजलेली माती, त्या मातीवर दोन चिमण्या. कोरडा रांजण कधी पाझरतो का?

पुंजारामनंही पाहिलं. चिमण्यांकडं पाहिलं, मग वैजनाथकडं.

"बरं," एवढंच म्हणाला. गाडी ढकलत निघून गेला.

हाक मारता आली असती. वैजनाथ उठलासुद्धा. पण हाक मारायची म्हणजे खोटं बोललो हे कबूल करायचं. तो परत चाकाशी बसला.

संध्याकाळी कळलं. फुलंब्रीच्या वाटेवर, चौक्याच्या घाटाअलीकडं लिंबाखाली पुंजाराम मरून पडलेला सापडला. गाडी शेजारीच स्टँडवर उभी. लोक म्हणाले, ऊन लागलं. वैजनाथही म्हणाला, व्हय, ऊनच लागलं.

त्यानंतर त्याला घरात पाणी पिताना कुणी समोर नको वाटायचं. भिंतीकडं तोंड करून प्यायचा. रत्नमालानं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

दोन आठवडे गेले असतील. बुद्धपौर्णिमेची आदली रात्र. फुलंब्रीला एका गिऱ्हाइकाचं इंजिन बसवून वैजनाथ परत निघाला. चांदणं असं, की रस्त्यावरची खडी मोजावी. त्याची गाडी त्याच्याच हातची, टाकी भरलेली, आवाज एकसारखा.

चौक्याचा घाट उतरला. मूठ सोडली.

फाट्.

त्याला वाटलं, दगड उडाला असेल. मूठ पिळली. फाट्. सोडली. फाट्. पिळल्यावरही, सोडल्यावरही. असं होत नसतं.

गाडी बंद पडली.

तो उतरला. टॉर्च तोंडात धरून प्लग काढला. कोरडा, स्वच्छ. ठिणगी नीट. सायलेन्सरच्या तोंडाशी हात फिरवला. पॅकिंग घट्ट. मग त्यानं कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला केला. चार थेंब पेट्रोल पडायला हवं.

धार लागली.

टॉर्च तोंडातून हातात घेतली, बोट नाकाशी नेलं. वास नाही. जिभेला लावलं...

पाणी. गार. मातीचा वास असलेलं, रांजणातलं पाणी.

धार थांबेना. वाटीत मावतं किती? पण वाहत होतं. त्यानं टॉर्च वर केली. समोर तोच लिंब होता.

कुत्रं नाही. वारा नाही. लिंबाचं पान हलेना.

मागं कुणीतरी उभं होतं.

"तहानली असंल... मिस्त्री."

हळू आवाज. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, असं वैजनाथ मला म्हणाला.

त्याला वळून बघवेना. भीतीनं नाही. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. टॉर्च खाली ठेवून त्यानं धारेखाली ओंजळ धरली. भरली. गुडघ्यावर तसाच मागं वळला, मान खाली, डोळे मिटलेले. ओंजळ पुढं केली.

"खोटं बोललो मी, दादा," तो म्हणाला. "व्हतं पाणी."



मग ओंजळ हलकी झाली. हळूहळू. तळहाताला भेगाळ ओठ लागले.

डोळे उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता. धार थांबली होती. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली, घरापर्यंत एकही फटका नाही. त्यानं कुणाला उठवलं नाही. रात्रभर ओट्यावर बसून राहिला.

काकासाहेब थांबले. खाली हिमांशूची गाडी तापलेल्या पत्र्याचा टिक-टिक आवाज करत निवत होती.

"मग?" सईनं विचारलं.

सकाळी रत्नमालानं रांजणावरचं झाकण काढलं आणि वैजनाथला हाक मारली. आदल्या संध्याकाळी टँकर आला तेव्हा तिनं तो काठोकाठ भरला होता. बाहेरचं पोट सुकलेलं होतं, बुडाची माती सुकलेली होती. वैजनाथनं खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. रांजण कोरडा होता, आणि हात बाहेर काढला तेव्हा हाताला पेट्रोलचा वास येत होता.